ज्या भागात खून झाला नाही

द्वारकाबाईंची आणि माझी ओळख एका खोट्या सबबीवर झाली. आमचे हे, म्हणजे व्यंकटराव, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा मंदार पुण्याला, त्याची नोकरी पुण्याला, त्याचं सगळंच पुण्याला. गारखेड्यातल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी. सकाळ कशीबशी निघून जायची, पण दुपार काही केल्या सरायची नाही. अशाच एका दुपारी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाई दारात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी.

"बाई, आमचा टीव्ही बिघडलाय. तुमच्या इथं बसू का अर्धा घंटा? खूणगाठ लागायलीय."

'खूणगाठ' काय भानगड आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आमच्या घरी टीव्ही लागायचा तो बातम्यांपुरता, फार तर रविवारी गाण्यांपुरता. पण वाटी हातात घेतल्यावर नाही कसं म्हणणार? त्या आत आल्या, सोफा सोडून खाली सतरंजीवर बसल्या, माझ्या हातातला रिमोट घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या दिवाणखान्यात मुडदा पडला.

'खूणगाठ' ही गुन्ह्यांची मालिका. रात्री नवा भाग आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पुन्हा. आमची वेळ दुपारची. साचा ठरलेला. पहिल्या जाहिरातीच्या आधी मुडदा. दुसऱ्या जाहिरातीपर्यंत संशयितांची रांग, त्यात एक जण उगाच घाम पुसणारा. मग इन्स्पेक्टर खंडागळे त्याच घरचा चहा पिता पिता अर्धा कप एकदम खाली ठेवणार. कप खाली ठेवला की समजायचं, सापडला. शेवटी कोठडीचं दार, आणि खंडागळे आपल्याकडे बोट रोखून सांगणार, की माणसानं लोभ करू नये. जसा काही तो लोभ आम्हीच केला होता.

द्वारकाबाईंना खुनी कपाच्याही आधी सापडायचा. "सगळ्यात गोड कोण बोलायलंय ते बघा. तोच." आणि बहुतेक वेळा तोच असायचा.

"रोज रोज काय हे खून बघायचे!" मी नाक मुरडून म्हणायची.

"खून बघायला कोण बसतंय बाई? सापडलेला बघायला बसते मी. आपल्या इथं कुणी सापडतंय व्हय?"

टीव्ही काही लवकर दुरुस्त होईना. एका रविवारी मी त्यांची वाटी परत करायला गेले. रिकामी कशी द्यायची म्हणून चिवडा घातला होता. दार उघडंच होतं. आत त्यांचा मुलगा कृष्णा क्रिकेट बघत बसला होता, आणि भिंत व्यापून टाकणारा तो टीव्ही लख्ख चालू होता. मी टीव्हीकडे पाहिलं, मग द्वारकाबाईंकडे.

"आज चालायलाय," त्या म्हणाल्या. "दुपारचाच बंद पडतो. करंटचं काहीतरी असंल."

कृष्णा तोंड उघडणार होता. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं आवाज वाढवला.

घरी आल्यावर सगळं माझ्या लक्षात आलं. या बाईनं माझी दुपार सरावी म्हणून आपला धडधाकट टीव्ही बिघडवून टाकला होता. मला फार भरून आलं. आभार मानावेत असं मनात आलं, पण आभार मानले असते तर टीव्ही बिघडलाच नव्हता हे त्यांना कबूल करावं लागलं असतं आणि मग त्या आल्या नसत्या. म्हणून मी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चहाला आलं आणून ठेवलं. त्यांना आल्याचा लागतो.

द्वारकाबाई मूळच्या पैठणच्या, दिल्या घरी बिडकीनच्या. मालक लवकर गेले. पोरांना त्यांनी शेतात राबून मोठं केलं, शिकवलं. कृष्णाला इथं कंपनीत नोकरी लागली तशा त्या त्याच्याबरोबर शहरात आल्या. बोलणं खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. पण त्यांच्या आयुष्यात एक केस न सुटलेली होती, आणि ती त्यांनी मला हप्त्याहप्त्यानं, जाहिराती चालू असताना सांगितली.

पैठणला त्यांचा धाकटा भाऊ असतो, आप्पासाहेब. मोसंबीची बाग आहे. द्वारकाबाईंच्या लेकीच्या, श्रेयाच्या लग्नात मुलीचा मामा म्हणून त्यानं तिच्या मागं उभं राहायचं ठरलेलं. बापाच्या माघारी आप्पाच काय तो वडीलधारा. लग्न बीड बायपासच्या मंगल कार्यालयात. मुहूर्त आला, आप्पा नाही. बिडकीनजवळ रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या अडकलेल्या, फोन लागेना. गुरुजी घाई करू लागले, वराकडचे घड्याळ बघू लागले. कुणीतरी म्हणालं, चुलत मामा आहे की, करा उभा. द्वारकाबाई हो म्हणाल्या की नुसत्या गप्प राहिल्या हे त्यांना आता आठवतही नाही. शेवटचं मंगलाष्टक चाललेलं असताना आप्पा दारात पोचला. श्रेयाच्या मागं दुसराच माणूस उभा असलेला त्यानं पाहिला आणि तिथूनच मागं फिरला. अक्षता टाकल्या नाहीत, घोटभर पाणी प्याला नाही.

तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. श्रेयाची मुलगी आता शाळेत जाते, तरी या दोघांचं बोलणं नाही.

"तुम्ही करा की फोन," मी म्हणायची.

"म्या का करू? पाठ त्यानं फिरवली."

आणि तपास मात्र अखंड चालू. संशयित एकच, भावजय चतुराबाई. "लई गोड बोलायची हो ती. निघायच्या वख्ताला मुद्दाम उशीर केला असणार. हे लुगडं नको, ते नको करत बसली असंल." पुरावा काय, असं विचारलं की म्हणायच्या, "निघतो की. शेवटी निघतोच पुरावा."

माझी खात्री आहे, रोज दुपारी त्या खंडागळ्यांचा तपास बघायच्या ते आपल्याला काही धागा मिळतो का ते पाहण्यासाठी.

मग या उन्हाळ्यात तो भाग लागला.

सुरुवातच रडण्यानं झाली. खेड्यातल्या एका माणसाला फोन येतो की शहरातला थोरला भाऊ गेला. दोघांचं बोलणं बंद असलेलं. धाकटा ऊर बडवून घेतो आणि तडक खंडागळ्यांकडे जातो, की भावाला काही आजार नव्हता, त्याच्या पोरांनीच घात केला. खंडागळे जीपमध्ये बसतात. द्वारकाबाई सतरंजीवर पुढं सरकल्या.

"थोरला पोरगा," त्यांनी जाहीर केलं. पोरगा अजून पडद्यावर आलाही नव्हता.

खंडागळे त्या घरी पोचतात, तर एक म्हातारा ओट्यावर बसून निवांत भाकरी खातोय.

"हा कोण?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"हाच तो. मेलेला."

"मेलेला जेवायलाय कसा? मग मुडदा कुठंय?"

मुडदा नव्हताच. आपल्याकडं एक जुनी समजूत आहे. डोक्यावर कावळा बसला की ते मरणाचं बोलावणं. त्यावर उतारा असा, की तो माणूस गेला म्हणून नात्यातल्या कुणाला तरी खोटा सांगावा धाडायचा. ऐकणारं माणूस खरंखुरं रडलं की मरण टळतं. मग लगेच खरं सांगून टाकायचं. भूगोलाच्या बाईनं असल्या गोष्टी बोलू नयेत, पण लहानपणी आमच्या गल्लीत असा सांगावा गेलेला मी पाहिला आहे. तर त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर कावळा बसला होता, आणि त्यानं सांगावा धाडला तो नेमका न बोलणाऱ्या भावाला.

खंडागळे भडकले. खोटी खबर देणं हा गुन्हा आहे वगैरे बरंच बोलले. पण गुन्हा नोंदवायचा कुणावर, हे काही त्यांना ठरवता येईना. तिकडं दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता ओट्यावर बसून राहिले. मग धाकट्यानं थोरल्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि दोघंही रडायला लागले. खंडागळ्यांना कुणीतरी चहा दिला. मी कपाकडं बघत होते. त्यांनी तो खाली ठेवला नाही. बाहेर उभं राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कप विसळून ठेवला आणि जीपमध्ये बसून निघून गेले. कोठडी नाही, आपल्याकडं रोखलेलं बोट नाही. नावं सरकायला लागली.

द्वारकाबाई शेवटपर्यंत भाकरीत विष निघायची वाट बघत होत्या.

"संपलं?"

"संपलं."

"एवढंच?" त्यांनी रिमोट हातात घेतला, परत खाली ठेवला. एरवी मालिका संपली की त्या लगेच उठायच्या, त्या दिवशी उठल्या नाहीत. "ह्यात गुन्हेगार कोण हो बाई?"

"कुणीच नाही."

"असं कसं असंल? मग एवढी वर्षं बोलत का नव्हते ते?"

"ते काही सांगितलं नाही."

"इचारलं बी न्हाय त्या खंडागळ्यानं." त्यांनी टीव्ही बंद केला. "न इचारताच मिटवलं."

शेजारच्या जिन्यातल्या बायका दुसऱ्या दिवशी म्हणत होत्या, काय भिकार भाग होता, अर्धा तास वाया गेला. पुढचे दोन-तीन दिवस रोजच्यासारखे खून झाले, पण द्वारकाबाईंनी एकही खुनी आधी सांगितला नाही. मला काळजी वाटायला लागली होती.

मग एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या. हाताला कुरडईचा चीक लागलेला.

"बाई, घात झाला. गच्चीवर कुरडया घालत व्हते, डोक्यावर कावळा बसला."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची नजर माझ्या दाराच्या कडीवर होती.

आता एक गोष्ट सांगते. आमच्या गच्चीवर सोसायटीनं कबुतरांसाठी जाळी बसवली आहे. बाजूनं, वरून, सगळीकडून. कबुतरं घाण करतात म्हणून आम्ही दोघींनीच मीटिंगमध्ये भांडून ती बसवून घेतली होती. त्या जाळीतून चिमणी शिरत नाही. कावळा कुठून येणार?

हे मला त्या क्षणी कळलं. खंडागळे असते तर कप खाली ठेवला असता. पण मला तो भिंतीएवढा टीव्ही आठवला, दुपारचाच बंद पडणारा. या बाईनं माझ्यासाठी एक खोटं वर्षानुवर्षं निभावून नेलं होतं. मला एक निभावता येऊ नये?

"अरे देवा," मी म्हणाले. "कुठं बसला? डोक्यावरच?"

"बरोबर मधोमध." त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. "आता सांगावा धाडायला लागंल."

"कृष्णाला कळवू या?"

"कृष्णा रडायचा न्हाय, डॉक्टर घेऊन येईल."

"श्रेयाला?"

"लेकराचा जीव जाईल ऐकून. नको." पदराच्या टोकानं त्या हाताचा चीक पुसत राहिल्या. "पैठणला आप्पा हाय."

"तो रडेल?"

"तेच बघायचंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

इतकं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फोन मीच करायचा होता, कारण स्वतःच्या मरणाची बातमी स्वतः कशी देणार? आप्पाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. लग्नानंतर त्यांनी तो एकदाही लावला नव्हता, पण एक आकडा चुकला नाही.

मी स्पीकर चालू केला. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"हॅलो, कोण बोलायलंय?" मागं विहिरीवरच्या मोटरचा आवाज.

"मी सरोजिनी. गारखेड्याहून, द्वारकाबाईंच्या शेजारची."

"बोला."

"द्वारकाबाई गेल्या."

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर बाकावर उभं केलं. त्या सकाळी माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, याची मला अजून लाज वाटते आणि थोडा अभिमानही वाटतो.

पलीकडं काहीच नाही. मोटर चालू. मग "कवा?" एवढा एकच शब्द.

"आज सकाळी."

फोन कशावर तरी आपटल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघी कान देऊन बसलो होतो. रडणं नाही, हाक नाही. नुसती मोटर. मग तीही बंद झाली.

"आप्पासाहेब? ऐका, खरं म्हणजे..." मी खरं सांगायला लागले, तर पलीकडं कुणी नव्हतंच. पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. परत लावला. तेच.

"न्हाय रडला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"माणूस सुन्न होतं हो अशा वेळी."

"व्हय, व्हतं." त्या उठल्या. "कुरडया उलथवून येते. तुम्ही लावत ऱ्हा फोन, खरं सांगून टाका त्याला. उगं कुणाला घोर नको." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला तो ऐकवेना. त्या वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

आल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा फोन वाजत होता. कंपनीतून कृष्णा.

"आई? आई, तू बरी आहेस ना?"

"मेलेय. का?"

"अगं मामींचा फोन आला होता! रडत होत्या. मला बोलूच देईनात. वन्सं गेल्या, वन्सं गेल्या म्हणून नुसता आकांत. मी म्हटलं, थांबा, आधी आईलाच विचारतो."

द्वारकाबाई मटकन खाली बसल्या. "कोण रडत व्हती?"

"मामी. चतुरामामी."

"लई?"

"लई म्हणजे काय, शेजारचे गोळा झाले म्हणे. मामा तर फोन विहिरीवर टाकूनच निघालेत. हे काय चाललंय आई?"

"काय न्हाय. मामीला सांग, म्या जिती हाय. अन् संध्याकाळी लवकर ये," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडं वळल्या. "चतुरा रडली, बाई." एवढ्या वर्षांची एकमेव संशयित अशी एका फोनवर सुटली होती, आणि द्वारकाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"आणि आप्पासाहेब निघाले आहेत," मी म्हणाले.

"मयताला दुश्मन बी येतो. त्याचं काय?" पण त्या पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होत्या.

पैठणची एसटी बसस्थानकावर येणार, तिथून रिक्षा, म्हणजे दोन वाजणार असा आमचा हिशेब. सून कामावर गेलेली, म्हणून द्वारकाबाईंनी घराला कुलूप घातलं आणि त्या माझ्याकडं येऊन बसल्या. वेळ झाली तशी सवयीनं 'खूणगाठ' लावली. मुडदा पडला. आमचं दोघींचं लक्ष नव्हतं.

हिशेब चुकला. त्याला बागेतून माल नेणारा टेम्पो मिळाला होता. जिन्यात पावलं वाजली, समोरच्या दाराशी थांबली. कुलूप हलवल्याचा आवाज आला. आणि मग तो आवाज.

आप्पासाहेबांना कुलूप दिसलं होतं. घरात कुणी नाही, म्हणजे सगळे घेऊन गेले. म्हणजे पुन्हा उशीर झाला.

"आक्का गं!" मोठा माणूस असा रडताना मी कधी ऐकला नव्हता. "आताबी थांबली न्हाईस! तवाबी न्हाय थांबलीस, आताबी न्हाय! म्या काय मुद्दाम उशीर करतो का गं? रस्ता व्हता गं तो! रस्ता खांदला व्हता!"

मी दाराकडं धावले. द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं. पकड अशी की हलता येईना.

"थांबा. रडू द्या. रडल्याबिगर उतरत न्हाय." आणि त्यांचेच डोळे घळाघळा वाहत होते.

बाहेर तो जिन्यावर बसला असावा, कारण आवाज खालून यायला लागला. "लुगडं आणलंय गं तुला. आता कुणाला नेसवू हे?"

त्यावर मात्र द्वारकाबाईंना राहवलं नाही. त्यांनीच दार उघडलं.

पांढरे केस विस्कटलेले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, कागदात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून एक माणूस पायरीवर बसला होता. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची. त्यानं वर पाहिलं.

"आक्का?"

"व्हय."

"मेली न्हाईस तू?"

"न्हाय रे. डोक्यावर कावळा बसला व्हता."

गावाकडचा माणूस, एका वाक्यात सगळं समजला. त्यानं त्या कावळ्याला, कावळ्याच्या आईला आणि मग सगळ्याच कावळ्यांना जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. शिवी संपेपर्यंत द्वारकाबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं. आत माझ्या टीव्हीवर खंडागळ्यांनी कप खाली ठेवला. खुनी कोण निघाला ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

बऱ्याच वेळानं आप्पासाहेब म्हणाले, "थोडं थांबायला पायजे व्हतं आक्का, लग्नात."

"थांबायला पायजे व्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

झालं. एवढंच. इतक्या वर्षांची केस या दोन वाक्यांत मिटली, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मग आप्पासाहेबांनी कागद सोडला. वांगी रंगाची साडी, घडीवर पिवळट पडलेली. बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते, म्हणून तो ती घेऊन आला होता. पण ती आज घेतलेली नव्हती.

"श्रेयाच्या लग्नातला आहेर हाय तुझा," आप्पासाहेब खाली बघत म्हणाले. "तसाच माघारी नेला व्हता. पेटीत पडून व्हता. चतुरा दर दिवाळीला ऊन दाखवायची अन् म्हणायची, जाऊन देऊन या."

"चतुरा म्हणायची?"

"दर दिवाळीला."

द्वारकाबाईंनी साडी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "पदर चांगला हाय," त्या म्हणाल्या. मग कुलूप उघडून आत गेल्या, ती साडी नेसून बाहेर आल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. मला मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, तुम्ही बी इकडंच जेवायचं." मी भाजी चिरायला बसले. चतुराबाईंना फोन लागला तेव्हा नणंद-भावजय इतकं बोलल्या की पिठलं खाली लागलं.

तो भाग कुणी लिहिला ते मला माहीत नाही. नावं फार भराभर सरकतात, आणि माझा चष्मा जुना आहे. लोकांना आवडला नाही म्हणतात, 'खूणगाठ' लगेच आपल्या साच्यावर परत आली. पण ज्यानं कुणी तो लिहिला, एका दुपारपुरता मुडदा पाडला नाही, त्याचं देव भलं करो. माझ्यासारख्या नाक मुरडणारीचा हा आशीर्वाद आहे, त्याला पोचला तर बरं. आणि द्वारकाबाईंचं तर मी काय बोलू? व्यंकटराव गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपल्या दारात येणारं कुणी उरलं नाही. चटणीची वाटी घेऊन त्या आल्या नसत्या तर मी अजून त्याच दुपारीत बसलेली असते.

जेवण व्हायला अवकाश होता. आप्पासाहेबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, बहिणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जरा वर जाऊन येतो."

विळीवरचा माझा हात थांबला. वर म्हणजे गच्चीवर. गच्चीवर म्हणजे ती जाळी. मी द्वारकाबाईंकडं पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडं होती, परातीत भाकरी थापणं चालू होतं, पण थापणारा हात अगदी हळू झाला होता.

बराच वेळ गेला. मग जिन्यावर पावलं वाजली. आप्पासाहेब आले, दारात थांबले. तंबाखू खाल्लेली दिसत नव्हती. आधी त्यांनी बहिणीच्या पाठीकडं पाहिलं, त्या वांगी रंगाच्या पदराकडं, आणि मग माझ्याकडं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या गच्चीवर कावळे लई झालेत."

"हो ना," मी म्हणाले. "फार झालेत."

"जपून ऱ्हायला सांगा हिला." आणि ते हात धुवायला गेले.

"आप्पा, ये लवकर," द्वारकाबाई म्हणाल्या. "भाकरी गार व्हायलीय."